सशाची मेथी आणि आमचे कुंपण



कार्तिकी पौर्णिमेला पालेभाजी सुटते, म्हणून दरवर्षी दसरा झाला की मी परसात मेथीचे तीन वाफे टाकते. चातुर्मास संपायला आणि मेथी हाताशी यायला एकच गाठ पडते. गेल्या वर्षी मात्र गाठ पडली नाही, कारण ससा चातुर्मास पाळत नाही. दिवाळीच्या आधी रोज सकाळी एकेक पट्टा साफ दिसू लागला. देठ विळीने तिरके कापावेत तसे कापलेले आणि शेजारी गोल कोरड्या लेंड्या. घूस असती तर माती उकरली असती, बकरी असती तर मुळासकट ओढले असते. बागेत मदतीला येणारे काका बघताच म्हणाले, "बाई, ससा हाय."

मी घाईत होते. फराळाचे पीठ दळून आलेले, पाहुणे यायचे. मी म्हणाले, "काका, काहीतरी बंदोबस्त करा बरं." एवढेच. काय करणार, कसे करणार, काही विचारले नाही.

दोन दिवसांनी पहाटे सामायिकला बसायच्या आधी मागचे दार उघडले तर वाफ्याजवळ काहीतरी धडपडत होते. मोटारसायकलच्या ब्रेकची बारीक तार, तिचा फास, आणि फासात सशाचा मागचा पाय. तार कातडीत रुतली होती. ससा एरवी आवाज करत नाही, पण जिवावर आले की लहान मुलासारखा ओरडतो, हे मला त्या दिवशी कळले. पक्कड आणून तार तोडली. तो लंगडत मागच्या झुडपांत गेला. पुढे जगला की नाही, ते मला कधीच कळणार नाही.

काकांना विचारले. ते अगदी सरळ म्हणाले, "बाई, तुमीच तं म्हन्लं होतं, बंदोबस्त करा म्हनून." त्यांचे खोटे नव्हते.

आपण बारा व्रते घेतो तेव्हा 'दोन करण, तीन योग' म्हणतो. स्वतः करणार नाही आणि दुसऱ्याकडून करवणार नाही, मनाने, वाणीने, कायेने. माझे 'करवणे' चार शब्दांत झाले होते. रोज प्रतिक्रमणात पहिल्या व्रताचे पाच अतिचार म्हणतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार, भक्तपानविच्छेद. बांधणे, मारणे, अंग कापणे, जास्त ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. त्या एका तारेत त्यांतले निदान दोन तर सरळ होते. तोपर्यंत मी ते पाच शब्द बैलगाडीच्या काळातले समजत असे.

त्या वर्षी आमच्या स्थानकात महासतीजींचा चातुर्मास होता. आलोचना करायला गेले. मनात एक पळवाटही घेऊन गेले होते. साधूंची दया वीस विसे आणि श्रावकाची सव्वा विसा, हा हिशेब तुम्हाला ठाऊक आहेच. स्थावर सुटले, आरंभातले सुटले, मग अपराधी सुटले, असे अर्धे-अर्धे करत आपल्या पदरात सव्वा उरते. निरपराध त्रस जीवाला जाणूनबुजून मारायचे नाही, एवढेच आपले व्रत. मी म्हणाले, "महाराजसाहेब, ससा तर माझी मेथी खात होता. तो अपराधी धरला तर?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मेथी तुमची आहे हे त्याला कोणी सांगितलं होतं?"

प्रायश्चित्त म्हणून काही आयंबिल दिली, ती केली. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग लायब्ररी, जुनी कागदपत्रे, सासरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, सगळीकडे मी एकच शोधत राहिले. माणसाने आपला भाजीपाला सशापासून कसा राखला, आणि तसे करताना सशाला काय म्हटले?

पहिले उत्तर आपल्याच घरात सापडले. ज्ञाताधर्मकथेतला मेघकुमार आपण पाठशाळेत शिकतो, पण मोठेपणी ती कथा पुन्हा वाचून बघा. विंध्याच्या पायथ्याचा हत्ती, मेरुप्रभ. वणव्यात होरपळलेला मागचा जन्म त्याला आठवतो, म्हणून तो योजनभर जमीन साफ करून ठेवतो. गवत नाही, झाड नाही, काहीच नाही. म्हणजे एक प्रकारची राखलेली जागाच की. वणवा पेटतो तेव्हा सगळे रान त्या मोकळ्या जागेत येऊन दाटते. हत्ती अंग खाजवायला पाय उचलतो, तेवढ्यात त्या रिकाम्या जागेत एक ससा शिरतो. हत्ती अडीच दिवस पाय खाली ठेवत नाही. वणवा विझतो, सगळे निघून जातात, आणि आखडलेला पाय टेकवताना तो कोसळतो. तोच पुढे श्रेणिक राजा आणि धारिणी राणीच्या पोटी मेघकुमार होतो. लहानपणी मला यात फक्त दया दिसायची. आता दिसले की जागा हत्तीची होती, साफ त्याने केली होती, आणि ससा तिथे न विचारता शिरला होता. तरी त्याला कोणी अपराधी म्हटले नाही.

दुसरी कथा नेमिनाथांची. राजीमतीशी लग्नाला निघालेले, वाटेत मेजवानीसाठी वाड्यांत आणि पिंजऱ्यांत कोंडलेली जनावरे दिसतात आणि रथ मागे फिरतो. उत्तराध्ययनात त्या कोंडवाड्यासाठी जो प्राकृत शब्द आहे तोच आपला 'वाडा'. आपली 'वाडी'ही त्याच घराण्यातली. इकडे झाडीपट्टीत परसबागेला सांदवाडी म्हणतात, तीही तीच. म्हणजे एकाच शब्दात आत कोंडणे आहे आणि बाहेर ठेवणेही. पहिल्या व्रताला बोचते ते आत कोंडणे. तो बंध.

मग बाहेर ठेवण्याचे काय? सशाला मेथीपासून अडवणे हा भक्तपानविच्छेद नाही का, हेही मी विचारले होते. महासतीजी म्हणाल्या, जो जीव तुमच्यावर अवलंबून आहे, गोठ्यातली गाय, घरातला नोकर, त्याचे अन्न तोडले तर तो अतिचार. रानातल्या सशाला रान आहे. पण तेवढे बोलून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "रान आहे ना त्याला?"

खरे तर आमच्या घराची अडचण इथेच आहे. जुने चांदा परकोटाच्या आत होते. गोंड राजांनी बांधलेला तो कोट आणि जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे चार दरवाजे आजही उभे आहेत. रान कोटाबाहेर, वस्ती कोटाआत. १७५१ च्या सुमारास गोंडांचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि या सगळ्यात वस्ती दरवाज्यांबाहेर कधी सांडली ते कोणाच्या लक्षातही आले नाही. आमचे घर जटपुरा गेटच्या बाहेर, मूल रस्त्याच्या अंगाला. मागे आहे ते महसुली कागदांवरचे 'झुडपी जंगल'. हा शब्द पूर्व विदर्भाबाहेरच्या मैत्रिणींना नवा वाटेल. मध्य प्रांताच्या काळापासून गायरान, खुरटी झुडपे, सरपणाची जागा अशा जमिनीला सातबाऱ्यावर हे नाव पडले. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या सहा जिल्ह्यांत अशी जमीन पसरलेली आहे. तिला वन म्हणायचे की नाही यावर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापासून वाद चालला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला वनजमीन मानले. दाट जंगलात ससा फारसा रमत नाही. त्याचे घर म्हणजे हीच झुडपे आणि गवत, ज्याला आपण 'पडीक' म्हणून प्लॉट पाडतो. तेव्हा तो माझ्या अंगणात आला की मी त्याच्या, याचे उत्तर सातबाऱ्यावर आहे.

आता कुंपणाकडे येते. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणी मूलकडच्या गावात दर घराच्या सांदवाडीला बांबूची ताटी असे. चिरलेल्या बांबूच्या कमच्या उभ्या-आडव्या विणायच्या, खाली बोरीच्या काटेरी फांद्या दाबायच्या. दोन पावसाळे टिकायची, मग चुलीत जायची आणि नवी यायची. सशाला काटे पुरत, डुकराला ताटी, आणि वानरांना काहीच पुरत नसे. (आजही पुरत नाही. वानरांवर उपाय सापडला तर मला जरूर कळवा.)

हा बांबू आणि हे काटे यायचे कुठून? निस्तारातून. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात गावाने सरकारी आणि मालगुजारी जंगलातून काय घ्यायचे, गुरे कुठे चारायची, सरपण किती, कुंपणाला काटे-बांबू किती, याच्या नोंदी होऊ लागल्या. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही विदर्भासाठी निस्तारपत्रक राहिले. पण कागदावरचा हक्क आणि हातात पडणारा बांबू यांत अंतर असते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला चक्क 'वृक्ष' ठरवले. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते, पण कायद्यापुढे गवताचे काय चालणार? त्यामुळे तो तोडायला आणि न्यायला परवाना लागे. इकडे बल्लारपूरला १९४५ मध्ये कागद गिरणीची कंपनी उभी राहिली आणि याच जंगलांतला बांबू गाड्या भरभरून तिकडे जाऊ लागला. आपल्या शाळेच्या वह्या त्याच्याच असतील.

ही गोष्ट फिरली ती शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावात. वनहक्क कायद्याखाली गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकू देईनात. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून सुटला तो त्याहीनंतर, २०१७ मध्ये. परसात दोन बेटे लावून आपल्याच कुंपणासाठी बांबू तोडायला नव्वद वर्षे लागली, हे वाचून मला हसावे की काय कळेना.

तोपर्यंत गावोगावी तार आली होती. आपण जिला कोंबडी जाळी म्हणतो ती षटकोनी जाळी इंग्लंडमध्ये नॉरिचच्या चार्ल्स बर्नार्डने १८४४ मध्ये काढली. कापड विणायच्या मागावरून त्याला ती सुचली, आणि तिकडे तिचा मोठा खप सशांपासून बागा राखायलाच झाला. काटेरी तारेचे पेटंट अमेरिकेत इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने १८७४ मध्ये घेतले. एक विणली गेली, दुसरी टोचायला निघाली. माझ्या मते जगातल्या कुंपणांच्या या दोन जाती, आणि तेव्हापासून त्या तशाच आहेत.

तारेने सशाला अडवण्याचा सगळ्यात मोठा खटाटोप ऑस्ट्रेलियात झाला. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून इंग्लंडहून २४ ससे मागवून व्हिक्टोरिया प्रांतात सोडले. पन्नास वर्षांत त्यांनी अर्धा खंड व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये कुंपण घालायला घेतले. १९०७ मध्ये पहिले पुरे झाले ते १,८३३ किलोमीटर लांब. म्हणजे चंद्रपूरहून निघून पार हिमालयाच्या पलीकडे जाळी नेल्यासारखे. आणि ते पुरे होईपर्यंत ससे पलीकडे पोचलेही होते. मग विष झाले, आणि १९५० मध्ये मुद्दाम रोग सोडला गेला, ज्यात ससे आंधळे होऊन कुजून मरत. हौसेने आणले माणसाने, आणि अपराधी ठरला ससा. मराठीत छळाला 'ससेहोलपट' म्हणतात, तो शब्द मला तेव्हा पुरता समजला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरून कुंपण ठरते. तो ससा वेगळा, आपला वेगळा. तिकडचा जमिनीत बिळे करतो, त्याची पिल्ले उघडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात, म्हणून त्याच्यासाठी जाळी जमिनीत पुरावी लागते. आपला रानससा बीळ करत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून बसतो आणि पिल्ले केसाळ, उघड्या डोळ्यांची होतात. त्याला अडवायला खणण्याची गरज नाही, म्हणजे तेवढे जमिनीतले जीवही वाचले. खणतात ते सायाळ आणि डुक्कर, पण ते कंदांच्या मागे. आपल्या परसात कांदा, बटाटा, रताळे काहीच नसते, तेव्हा दोघेही हुंगून पुढे जातात. कंदमूळ-त्यागाचा हा फायदा कुठल्या व्याख्यानात ऐकला नव्हता.

आपल्याकडेही 'अपराधी' कोण याच्या याद्या झाल्याच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि सशाला संरक्षण मिळाले, पण त्याच कायद्यात एक पाचवी अनुसूची होती 'उपद्रवी' जीवांची: कावळा, उंदीर, वटवाघूळ असे. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूची गेली. आणि हेही ऐका, त्या कायद्यात फास लावणे, नुसता लावायचा प्रयत्न करणे, हीसुद्धा शिकारच आहे. माझ्या चार शब्दांनी आमचे भोळे काका आणि मी, दोघेही तिथे जाऊन उभे राहिलो होतो.

फासाची ती तार आमच्या जिल्ह्यात आणखी भयंकर झाली आहे. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. भोवतीच्या शेतांत रानडुकरे, चितळ, नीलगाय येतात. वैतागलेला शेतकरी रात्री खांबावरच्या विजेचा आकडा शेताच्या तारेला जोडतो. डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ मरतो, बैल मरतो, पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी मरतो. पेपरात आपण 'वाघाचा मृत्यू' एवढेच वाचतो. उभे पीक एका रात्रीत गेलेल्या माणसाला मी उपदेश करणार नाही, माझे तर मेथीचे तीन वाफे होते. त्यासाठीच शासनाच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना सौर कुंपण देतात. त्याला इकडे झटका मशीन म्हणतात. बॅटरीवरचा क्षणभराचा ठोका सेकंदा-सेकंदाने तारेत येतो, जनावर दचकून मागे जाते, मरत नाही. शेताला ते चांगलेच. पण परसासाठी कोणी खालून तार ओढून देतो म्हणाले तर घेऊ नका. दक्षिण आफ्रिकेत अशा खालच्या तारेला कासवे आणि खवले मांजरे अडकून मेली आहेत. कासव पळत नाही, तिथेच अंग मिटून बसते आणि ठोके खात राहते.

मला आणखी दोन सल्ले मिळाले होते. एक, मागची झुडपे उन्हाळ्यात पेटवून द्या, ससा लपणारच नाही. पंधरा कर्मादानांत दवदान आहे, आग लावून रान साफ करणे. मेघकुमाराचा वणवा डोळ्यांपुढे असताना ते कसे करायचे? दुसरा, दाण्यात औषध कालवून ठेवा. हा तर आपल्यातल्याच एकीने दिला होता, अगदी सहज, लोणच्याची कृती सांगावी तसा. आठव्या व्रतात पापोपदेश आणि हिंसाप्रदान हे अनर्थदंड सांगितले आहेत. मी तिला नाव ठेवत नाही, कारण माझे 'बंदोबस्त करा' याच्या फार पलीकडचे नव्हते.

शेवटी कुंपण काकांनीच घातले. मी आधी त्यांची माफी मागितली, तेव्हा ते संकोचले आणि दोन दिवस आलेच नाहीत. आले ते बांबू घेऊन. तीन फूट उंच ताटी, खालच्या भागाला एक इंची कोंबडी जाळी, आणि जाळीची कड पुरायच्या ऐवजी फूटभर बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून दगड ठेवलेले. ससा कडेशी येतो, पायाखाली जाळी लागते आणि वळतो. वाफ्यांना एकच फाटक, त्याला कडी.

ते पुरे झाल्यावर मनात आले की चातुर्मासाचे चार महिने आपण पाला खातच नाही, तर फाटक उघडेच ठेवावे, खाऊ दे त्याला. काका म्हणाले, "नको बाई. आत ससा आन् फाटकात कुत्रं आलं, तं जाईन कुठं?" नेमिनाथांचा वाडा मी माझ्या हाताने तयार करत होते. कुंपण बाहेर ठेवायला घातले तरी दार एक असले की ते आतूनही कोंडते, हे मला सुचले नव्हते.

म्हणून आता चौविहार झाला की पाणी आवरून मी मागे जाते, उजेड असतो तोवर. हातात लांब काठी, तिने वाफ्यांतला पाला हलकेच हलवत एक फेरी मारते आणि मगच कडी लावते. परवा चवळीच्या वेलाखालून मुंगूस निघाले. मला बघून तेच गडबडले आणि कोपऱ्यात जाळीला नाक लावून उभे राहिले. फाटक सताड उघडे ठेवून मी घरात येऊन बसले. प्रतिक्रमणाला उशीर होत होता. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिले, तर ते फाटकाबाहेरच्या दगडावर बसून मागे वळून बघत होते. मग झुडपांत गेले, आणि मी जाऊन कडी लावली.